पेंगुइनला बर्फ लागतोच का?

बालवर्गाच्या भिंतीवरचा पेंगुइन बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला असतो: काळी पाठ, पांढरं पोट, पायाखाली कापसाचा बर्फ. कुठे कुठे शेजारी ध्रुवीय अस्वलही उभं असतं. ते उत्तर टोकाचं, पेंगुइन दक्षिणेकडचे. दोघांची गाठ पडते ती फक्त आपल्या तक्त्यांवर. तक्ता देखणा असतो, वाद नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला एकच नमुना पुन्हा पुन्हा दाखवला की तोच त्याचा नियम होऊन बसतो. मग सहलीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत ते विचारतं, "बर्फ कुठाय?" आणि ताई काचेपलीकडच्या गारव्याकडे बोट दाखवून वेळ मारून नेतात.

खरं तर शिकवायची संधी तिथेच असते. राणीच्या बागेतले पेंगुइन हम्बोल्ट जातीचे. २०१६ मध्ये ते सोलहून आणले गेले, पण ही जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तिथे एका अंगाला कोरडं वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्रातला थंड प्रवाह. अंडी घालायला हे पक्षी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरांत बिळं करतात. (मुलांना ही माहिती फार आवडते, पालकांना जरा कमी.) चोचीच्या बुडाशी उघडी गुलाबी कातडी असते, अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. म्हणजे यांना उकाड्याचीही सोय करावी लागते. गॅलापागोसचा पेंगुइन तर विषुववृत्ताजवळ राहतो, आणि आफ्रिकन पेंगुइन केपटाउनजवळच्या बोल्डर्स बीचवर पर्यटकांच्या शेजारीच घरटी करतो.

जगात पेंगुइनच्या साधारण १८ जाती मानतात. हा आकडा वाचून कुणी अठरा नावं घोकून घ्यायला बसू नये. स्नेहसंमेलनात ती धडाधड म्हणणारं मूल टाळ्या मिळवतं. दोन चित्रं समोर ठेवून फरक विचारला की गप्प होतं. आमच्या मते तीन जाती पुरेत, मात्र त्या एकमेकींपासून जमेल तितक्या वेगळ्या हव्यात: एम्परर, लिटल आणि हम्बोल्ट.

भिंतीवर खडूने जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर एक रेघ ओढा. हा एम्परर. ३३ सेंटिमीटरवर दुसरी, हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा लिटल. आता मुलांना पाठ टेकवून उभं करा. मोठ्या शिशूतलीही बरीच मुलं एम्पररपेक्षा बुटकी निघतात, आणि लिटल जेमतेम गुडघ्याच्या वर येतो. एरवी सेंटिमीटर न कळणारी मुलं इथे खाली वाकून रेघेला हात लावून बघतात. मग एम्पररच्या बाबांची गोष्ट सांगा: आई समुद्रावर गेलेली, आणि बाबा अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे दोन महिने उपाशीपोटी अंडं पावलांवर सांभाळत उभे. पावलांवर चेंडू ठेवून चालायचा खेळ त्यानंतर घ्यावा, आधी नको.

हम्बोल्टसाठी छातीवरचा काळा पट्टा मोजायला सांगा. त्याला एक, दक्षिण अमेरिकेतल्याच मॅगेलॅनिक पेंगुइनला दोन. पिल्लाच्या अंगावर पट्टा नसतो. "याला पट्टाच नाही," असं एखादं मूल म्हणालं तर लगेच खुलासा करू नका, बाकीच्यांना बघू द्या.

काहींचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, शंखशिंपले यांतून बालशिक्षण उभं केलं. त्या वाटेने चालणाऱ्यांनी दारातली कोंबडी सोडून पेंगुइनच्या मागे का लागावं? सोडू नयेच. आधी कोंबडीच घ्यावी: तिची पिसं, चोच, अंडं सगळं हाताळून, निरखून झालेलं असावं. पण पेंगुइन मोबाइलमधून आणि दप्तरावरून वर्गात आधीच आलेला आहे. शिवाय "उडतो तो पक्षी" ही मुलांची पक्की समजूत हलवायला तोच कामी येतो. उडत नाही, पण पिसं आहेत, अंडं घालतो, आणि पंखांनीच पाणी कापत जातो. मग हा कोण? या प्रश्नावर मुलं बराच वेळ भांडू शकतात. भांडू द्यावीत.

या अंकासोबतच्या तीन चित्रांखाली नावं मुद्दाम छापलेली नाहीत. आधी मुलांनी आपल्या मनाची नावं ठेवावीत, खरी ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगावीत.