नव्या कुत्र्याची ओकारी

घरांत कुत्रें नवें आलें, कीं पहिल्या आठवड्यांत तें एकदोनदां ओकतें. जागा बदललेली, माणसें अनोळखी, खाणें निराळें. रिक्षांतून आणल्यानेंही पोट ढवळतें. एकदां ओकून तें पुन्हां शेंपूट हालवूं लागलें, तर घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु ओकारी थांबेचना, तर पहिला प्रश्न औषधाचा नव्हे. याच्या पोटांत काय काय गेलें, हा होय. आणि आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत नेमकें याच प्रश्नाचें उत्तर कोणा एकापाशीं नसतें.

आमच्या पंचवटींतल्या घरीं गेल्या माघांत असेंच झालें. मुलांनीं घाटावरचें वर्षभराचें एक कुत्रें आणलें. चौथ्या दिवशीं सकाळपासून तें पांच वेळां ओकलें व कोपऱ्यांत पडून राहिलें. मामंजी त्रासून म्हणाले, "आणलें तेथेंच सोडून या." त्यांचें चुकलें, असें मी म्हणणार नाहीं, सोंवळ्याच्या वाटेंतच दोनदां घाण झाली होती. तरी मीं एकेकास विचारलें. सासूबाईंनीं दूधपोळी घातली होती. धाकट्या जाऊबाईंनीं उरलेल्या भातावर चिंचगुळाची आमटी घालून दिली होती. भाऊजींनीं बिस्किटें. आणि माझ्या धाकट्यानें शेवटीं रडत रडत सांगितलें, कीं निफाडहून आलेल्या पेटींतील द्राक्षांचा घोंस आपण एक, त्याला एक, असा संपविला. प्रत्येकाचा हात मायेचाच होता.

द्राक्षांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. मनुका व बेदाणे यांनींही तसेंच. किती खाल्लीं म्हणजे बाधतील, याचा नेम नाहीं. एखादें कुत्रें पुष्कळ खाऊन धडधाकट राहतें, दुसरें थोडक्यानेंच दगावतें. त्यांतील टार्टरिक आम्ल हें कारण असावें, असें अमेरिकेंतील प्राणिविषांच्या जाणकारांनीं २०२१ मध्यें सुचविलें. तेंच आम्ल चिंचेंतही असतें. म्हणून आमटीही वर्ज्य. लासलगांवच्या कांद्याची तऱ्हा आणखी निराळी. कच्चा असो वा शिजलेला, त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. ज्या दोन पिकांनीं आपल्या जिल्ह्याचें नांव झालें, तीं दोन्ही या जनावरास विष ठरावींत, हें विचित्र खरें!

असें कांहीं खाल्लें असल्यास ओकून पडावें म्हणून मिठाचें पाणी पाजूं नये, मीठच बाधतें. तडक पशुवैद्याकडे न्यावें, आणि काय, किती व केव्हां खाल्लें, तें सर्व सांगावें. पहिल्या दोनएक तासांत गेल्यास पोट रिकामें करतां येतें. मूत्रपिंडांची इजा एकदोन दिवसांनीं उघड होते. मध्यंतरीं कुत्रें बरें झाल्यासारखें दिसलें, तरी भुलूं नये. आमच्या कुत्र्यास तीन दिवस शिरेंतून सलाईन द्यावें लागलें.

पिलाची गोष्ट वेगळी. लस न टोंचलेलें पिलूं ओकूं लागलें, मलूल झालें, हगवणींत रक्त दिसलें, तर पार्व्होची शंका घ्यावी. हा विषाणु १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तेथें एक रात्रही थांबूं नये. जंतांनींही पिलें ओकतात. मोठ्या कुत्र्याच्या ओकारींत रक्त असलें, पाणीही ठरेना, किंवा पोट फुगून नुसत्याच उमासे येऊं लागले, तरीही विलंब नको.

ओकारी साधी असेल व कुत्रें मोठें असेल, तर दहाबारा तास अन्न देऊं नये. पाणी मात्र थोडें थोडें, वारंवार. नंतर मऊ भात, त्यांत साय काढलेल्या दुधाचें थोडें पनीर; मीठ नको, फोडणी नको. पिलास असें उपाशी ठेवूं नये. माणसांच्या गोळ्या आपल्या मनानें कोणासही देऊं नयेत. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस पचत नाहीं, हें सासूबाईंस पटवितांना मला आठवडा लागला. नवें खाणें सात दिवसांत, जुन्यांत मिसळून, हळूहळू वाढवावें.

हल्लीं आमच्याकडे कुत्र्याचें ताट एकट्या भाऊजींच्या हातीं असतें. द्राक्षांची पेटी आली, कीं ती प्रथम वरच्या फळीवर चढते, चढविणारे मामंजीच.