शंका नाहीं!

रामटेकच्या माणसापाशीं कालिदासाचा विषय काढूं नये. काढल्यास तो यक्षाला आपल्याच आळींतला रहिवासी ठरवून मोकळा होतो. आम्हीही त्यांतलेच. मेघदूतांतील रामगिरि तो आमचाच डोंगर, यांत शंका नाहीं, असें तीस वर्षें आम्हीं वर्गांत सांगितलें. निवृत्तीनंतर नातवानें मराठी विकिपीडियावर लिहावयास शिकविलें, तेव्हां तेथेंही आम्हीं प्रथम हेंच लिहिलें. ‘शंका नाहीं’ हे शब्दही गाळले नाहींत.

ज्यांना या संकेतस्थळाची रीत ठाऊक नसेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. वॉर्ड कनिंगहॅम नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं १९९५ सालीं, वाचकालाच पान दुरुस्त करतां येईल, अशी पहिली ‘विकि’ रचिली. ‘विकि’ हा हवाई बेटांतील शब्द, अर्थ ‘चटकन’. हेच गृहस्थ २००१ च्या फेब्रुवारींत यूटा प्रांतांत जमलेल्या सतरा संगणकतज्ज्ञांपैकीं एक. काम वर्षानुवर्षें बंद दाराआड न करितां थोडें करावें, वापरणाऱ्यास दाखवावें, तो सांगेल तसें सुधारावें आणि पुढें जावें, असें या मंडळींनीं जाहीर केलें. त्या रीतीस ‘अजाईल’ म्हणतात. त्याच वर्षीं जानेवारींत इंग्रजी विकिपीडिया निघाला होता, आणि १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, मराठी. तेथें लेख अपुरा असतांनाच लोकांपुढें येतो व अनेक हातांनीं वाढतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२९ या काळांत निघाले. त्या परिश्रमांस आमचें वंदन. परंतु छापलेली चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. येथें ती सकाळीं दिसली, तर दुपारीं जाते.

आमची दुसऱ्याच दिवशीं गेली. कोणा अनोळखी व्यक्तीनें ते दोन शब्द काढले व ‘आधार द्यावा’ अशी विनंती केली. ज्यानें उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबडी शाई ओतली, त्याच्याच वहीवर ही तांबडी रेघ! आम्हीं रागानें शब्द पुनः घातले. उत्तर आलें तें अत्यंत विनयाचें: मल्लिनाथानें रामगिरि म्हणजे चित्रकूट असा अर्थ केला आहे, त्याची वाट काय?

आमच्या फळीवर संजीवनी टीका आहे. तींतून आम्हीं शिकविलें आहे. तें ठिकाण आम्हांस ठाऊक होतें. आणि खरें सांगावयाचें तर तेथें आलों कीं आम्ही दरवर्षीं पुढच्या शब्दाकडे वळत असूं. गांवाच्या प्रेमानें केलेली ही चोरी तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें पकडली नव्हती.

मग आम्हीं दोघांनीं मिळून तें वाक्य चार वेळां बदललें. शेवटीं ठरलें तें असें: वा. वि. मिराशी यांनीं रामगिरि म्हणजे रामटेक हें मत मांडलें. मल्लिनाथ चित्रकूट सांगतो. कांहीं विद्वान सरगुज्याकडील रामगडाकडे बोट दाखवितात. अभिमानास हें वाक्य थोडें तोकडें झालें, पण आतां तें कोणीही ओढून पाहावें. आमचे सहकारी अकरावींत शिकतात, हें मागाहून कळलें.

‘कोणीही लिहितो, तर कोणीही बिघडवील’, हा आक्षेप खरा आहे. परंतु प्रत्येक जुना पाठ तेथें इतिहासांत जपलेला असतो. बिघाड क्षणांत परतवितां येतो. मात्र राखण करणारा हवा. जाणते लोक घरीं बसले, तर दोष एकट्या बिघडविणाऱ्याचा कसा?

म्हणून वाचकांस विनंती. आपल्या गांवची विहीर, देऊळ, शाळा, जत्रा, यांपैकीं एकाविषयीं नातवंडाशेजारीं बसून एक वाक्य लिहावें, छापील आधारासह. आणि कोणी तें खोडलें, तर एक रात्र जाऊं द्यावी, मग उत्तर लिहावें.

आम्ही आजही गडावर रामदर्शनास जातों. पायऱ्या चढतांना डोंगरावर मेघ टेकलेला दिसला, तर ‘शंका नाहीं’ असें मनांत म्हणतों. तेथें आधार मागावयास कोणी येत नाहीं.