झोपलेलं यंत्र उठवताना

दोस्तांनो, लाकडावर नक्षी कोरणारं सीएनसी राउटर पाहिलंय का? कॉम्प्युटर सांगेल त्या रेषेवरून त्याचं कटर सरकतं, तेही मिनिटाला १८-२० हजार फेरे घेत! समजा, चार-पाच वर्षं पडून असलेलं असं एक मशीन सुतारकाकांनी विकत घेतलं. लगेच बटण दाबायचं? छे!

गंज तर डोळ्यांना दिसतो. खरा धोका आत लपलेला असतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये मोठे कपॅसिटर असतात. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही, की तो कमकुवत होतो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं, तर कपॅसिटर तापून फुटूही शकतो! म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन व्होल्टेज हळूहळू चढवतो. तेवढ्या वेळात थर पुन्हा भरून येतो. (ती पेटी तुम्ही उघडायची नाही हं! प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ वीज साठलेली असते.)

उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, हे अर्थातच त्याआधी बघायचं. रुळांवरचं सुकलेलं ग्रीस पुसून नवं लावायचं. मग कटर न लावता, कमी वेगावर मोटर सुरू करायची आणि लाल इमर्जन्सी बटण दाबल्यावर ती खरंच थांबते का, ते पाहायचं. थांबली? आता पुन्हा सुरू करून कान द्या. घरघर ऐकू येतेय? मग काका, बेअरिंग बदलावं लागणार!