बाप्टिस्टांचा वारसा आणि नागभूमीची कसोटी

मोलुंगकिमोंग हे आओ नागांचे डोंगरमाथ्यावरील गाव. 22 डिसेंबर 1872 रोजी या गावात एडवर्ड विंटर क्लार्क या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने पंधरा जणांना बाप्तिस्मा दिला. त्याआधीच्या महिन्यात नऊ आओ नागा शिवसागरला उतरून ख्रिस्ती झाले होते. या मूठभर माणसांतून नागभूमीतील पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. 2022 मध्ये या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडच्या लोकसंख्येत ख्रिस्ती 87.93 टक्के आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य बाप्टिस्ट आहेत. दीडशे वर्षांत एखाद्या प्रदेशाची श्रद्धा मुळापासून बदलून जावी, हा इतिहास केवळ संतापाने किंवा केवळ कौतुकाने समजणारा नाही. तो समजून घ्यायचा, तर बाप्टिस्ट परंपरा मुळात काय सांगत होती आणि नागांच्या गावागावांत तिचे काय रूप झाले, हे दोन्ही पाहावे लागते.

बाप्टिस्ट पंथाचा जन्म छळातून झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचाही प्रमुख होता आणि जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाला राजमान्य चर्चमध्ये बाप्तिस्मा देणे हा प्रघात होता. ज्याला श्रद्धेचा अर्थही कळत नाही, त्या अर्भकाला ख्रिस्ती ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे म्हणणारा एक छोटा गट जॉन स्मिथ आणि टॉमस हेल्विस यांच्यासह हॉलंडला निघून गेला. तेथे 1609 मध्ये पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. हेल्विस पुढे मायदेशी परतला. 1612 मध्ये त्याने एक ग्रंथ प्रसिद्ध करून राजालाच बजावले की, राजाची सत्ता प्रजेच्या देहावर चालते, आत्म्यावर नाही. माणूस पाखंडी असो, तुर्क असो वा यहुदी, त्याच्या श्रद्धेबद्दल त्याला शासन करण्याचा अधिकार राजाला नाही. या धाडसाची किंमत त्याने न्यूगेटच्या तुरुंगात मोजली आणि तेथेच त्याचा अंत झाला. अमेरिकेत रॉजर विल्यम्सला हाच विचार मांडल्याबद्दल मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार व्हावे लागले. त्याने 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसवली आणि दोन वर्षांनी तेथे अमेरिकेतील पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. राज्यसंस्था आणि चर्च यांच्यात भिंत असावी, हा पुढे अमेरिकन लोकशाहीचा आधार बनलेला विचार घडवण्यात बाप्टिस्टांचा वाटा मोठा आहे.

या परंपरेचे दोन खांब आहेत. पहिला, श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या विवेकाने स्वीकारायची असते, ती लादता येत नाही. दुसरा, प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. तिच्यावर पोप नाही, बिशप नाही. पाळक कोण असावा, निधी कसा वापरावा, सभासद कोणाला करून घ्यावे, याचा निर्णय मंडळीचे सभासद एकत्र बसून करतात. हिंदू मनाला यातील पहिले तत्त्व अपरिचित नाही. ज्या समाजाने उपास्य निवडण्याचे स्वातंत्र्य गृहीत धरले आणि एकाच घरात शैव आणि वैष्णव सुखाने नांदवले, त्याला या तत्त्वासाठी तुरुंगवास पत्करावा लागला नाही, एवढाच फरक.

मराठी वाचकाचाही या वारशाशी एक जुना संबंध आहे. इंग्लंडमधील बाप्टिस्टांनी 1792 मध्ये मिशनरी संस्था स्थापन केली आणि तिचा विल्यम केरी 1793 मध्ये बंगालमध्ये उतरला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1805 मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश. या कामात त्याच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. 1814 मध्ये मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ आणि 1815 मध्ये ‘हितोपदेश’ हे ग्रंथ त्याच छापखान्यात छापले गेले, तेही वैजनाथ पंडितांच्या परिश्रमातून. केरीचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. त्याने तो कधी लपवलाही नाही. परंतु मराठी मुद्रणाच्या इतिहासातून त्याचे नाव पुसता येत नाही आणि पुसण्याचे कारणही नाही. खंत वाटावी ती याची की, ज्यांच्या विद्वत्तेवर हे काम उभे राहिले, त्या वैजनाथ पंडितांचे नाव आज किती मराठी माणसांना ठाऊक आहे?

हीच पद्धत अमेरिकन बाप्टिस्टांनी ईशान्येत वापरली. 1836 मध्ये नेथन ब्राउन आणि ऑलिव्हर कटर सदियाला पोहोचले. 1846 मध्ये शिवसागरहून ‘अरुणोदोई’ हे असमिया नियतकालिक सुरू झाले. आसामच्या न्यायालयांत आणि शाळांत बंगाली लादली गेली असताना असमिया ही स्वतंत्र भाषा आहे, असे या मिशनऱ्यांनी आग्रहाने मांडले. तेथून पुढचे पाऊल नागा टेकड्यांत पडले, पण ते आधी क्लार्कचे नव्हते. आओ गावात प्रथम गेला तो गोधुला हा असमिया धर्मप्रचारक. संशयी गावकऱ्यांनी त्याच्यावर पहारा ठेवला. त्याने गाण्यांनी आणि संभाषणाने त्यांची मने जिंकली. क्लार्क राहू लागला तेव्हा ते गाव ब्रिटिश हद्दीबाहेर होते. आओ प्रदेशाचे सामिलीकरण पुढे 1889 मध्ये झाले. क्लार्क दांपत्याने आओ भाषेला रोमन लिपी दिली, शाळा काढली, छापखाना आणला. क्लार्कचा आओ भाषेचा कोश 1911 मध्ये प्रसिद्ध झाला.

‘विदेशी पैसा आणि विदेशी मिशनरी’ एवढ्या एका सूत्रात या परिवर्तनाचा उलगडा करण्याची सवय आपल्याकडे आहे. आकडे मात्र वेगळेच सांगतात. 1951 च्या जनगणनेत नागा टेकड्यांतील ख्रिस्ती निम्म्याहून कमी होते. त्याच दशकात विदेशी मिशनऱ्यांना तेथून जावे लागले. 1981 पर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले. म्हणजे ख्रिस्तीकरणाची मोठी लाट विदेशी मिशनरी गेल्यानंतर आली आणि ती नागा पाळकांनी, नागा शिक्षकांनी, नागा स्त्रियांच्या मंडळांनी आणली. या यशाचे रहस्य स्थानिक मंडळीत आहे.

नागा खेड्यात चर्चची इमारत बहुधा गावाच्या सर्वांत उंच जागी असते. रविवारी बाजार बंद राहतो, शेतीची कामे थांबतात आणि सारे गाव उपासनेला जमते. लहानांचा रविवारचा वर्ग, तरुणांचे मंडळ, स्त्रियांचे मंडळ, गायकवृंद अशी प्रत्येक वयाला आणि प्रत्येक हाताला काम देणारी रचना असते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला देण्याची शिकवण आहे आणि त्या निधीचा हिशेब सभासदांपुढे मांडला जातो. कोणाच्या घरी आजारपण आले, मृत्यू झाला, मुलाचे शिक्षण अडले, तर मंडळी दारात उभी राहते. गावातील सामान्य शेतकरी येथे सभेत बोलायला, हिशेब ठेवायला, चौघांना बरोबर घेऊन काम करायला शिकतो. मिशनऱ्यांनी पेरलेल्या विचाराहून ही साप्ताहिक शिस्त अधिक प्रभावी ठरली, असे म्हणता येईल.

या संस्थेने चांगली कामेही केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शिरच्छेदाची प्रथा थांबवण्यात प्रशासनाबरोबर चर्चचाही वाटा होता. 1964 मध्ये वोखा येथील बाप्टिस्ट अधिवेशनाच्या पुढाकाराने जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी 6 सप्टेंबरला युद्धबंदी अमलात आली. लोंगरी आओ यांच्यासारख्या बाप्टिस्ट पाळकाने शांततेसाठी आयुष्य वेचले. निवडणुकीत मत विकू नका, अशी मोहीम आज नागालँडमधील बाप्टिस्ट चर्च परिषद चालवते.

मात्र खरी कसोटी पुढेच आहे. ज्या पंथाने राजाला ‘आत्म्यावर तुझी सत्ता नाही’ असे सांगितले, तो पंथ स्वतः बहुसंख्य झाल्यावर अल्पसंख्याकांशी कसा वागला?

मिशनऱ्यांनी नव्या सभासदांना तांदळाची मदिरा वर्ज्य केली, सामूहिक मेजवान्यांचे विधी निषिद्ध ठरवले. जेथे तरुण पिढी एकत्र राहून गावाची गाणी, कथा आणि कर्तव्ये शिकत असे, त्या मोरुंगांची परंपरा क्षीण झाली. याविरुद्ध पहिला आवाज हिंदू संघटनांनी उठवलेला नाही. जे. पी. मिल्स आणि जे. एच. हटन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच ही टीका केली; मिल्सचा आओ नागांवरील ग्रंथ 1926 सालचा आहे. मिशनरी म्हणून भारतात येऊन पुढे चर्चपासून दूर झालेल्या व्हेरिअर एल्विनचीही व्यथा हीच होती.

आणि मग राणी गाईदिनल्यू यांचा प्रश्न येतो. गुरू जादोनांग यांना 1931 मध्ये ब्रिटिशांनी फाशी दिल्यानंतर या कोवळ्या वयाच्या मुलीने लढा पुढे नेला. 1932 मध्ये तिला अटक झाली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत ती तुरुंगात राहिली. स्वतंत्र भारतात तरी तिला आपल्या पूर्वजांचा धर्म निर्वेधपणे पाळता यायला हवा होता. प्रत्यक्षात हेराका ही तिची धर्मसुधारणेची चळवळ ख्रिस्तविरोधी ठरवली गेली आणि सशस्त्र फुटीरतावाद्यांच्या विरोधामुळे 1960 मध्ये तिला पुन्हा भूमिगत व्हावे लागले. 1982 मध्ये राष्ट्राने तिला पद्मभूषण दिले. तरीही तिच्या मृत्यूनंतर दोन दशके उलटून गेल्यावर, 2015 मध्ये, कोहिमात तिचे स्मारक उभारण्याच्या प्रस्तावाला स्थानिक संघटनांनी कडाडून विरोध केला. विरोधाची कारणे अनेक सांगितली गेली. जमातींमधील जुने ताणही त्यात होते. पण विवेकस्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या हेल्विसचा वारसा सांगणाऱ्या समाजाने या वृद्धेच्या विवेकस्वातंत्र्याचा किती आदर केला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बंदूक हाती घेतलेल्यांनी ‘नागालँड ख्रिस्तासाठी’ अशी घोषणा दिली, तेव्हा बाप्टिस्टांच्या मूळ शिकवणीशीच त्यांनी द्रोह केला. श्रद्धेचे राज्य स्थापन करायचे नाही, हाच तर त्या शिकवणीचा गाभा होता. ज्या गावात आज हेराका मानणारी मोजकी घरे उरली आहेत, त्यांना गावकीत, शाळेत आणि सणात बरोबरीचे स्थान मिळते का, यावरून तेथील मंडळीचे बाप्टिस्टपण पारखले जावे.

हा नियम अर्थातच दुहेरी असू शकत नाही. नागालँडमध्ये हेराका अनुयायाला जे स्वातंत्र्य हवे, तेच देशाच्या इतर भागांत ख्रिस्ती नागा तरुणाला त्याच्या रविवारच्या उपासनेसाठी हवे. प्रलोभनाने किंवा दडपणाने केलेले धर्मांतर निंद्यच आहे. तितकेच निंद्य आहे शेजाऱ्याच्या शांत प्रार्थनेत अडथळा आणणे. हिंदू समाजाची प्रतिष्ठा त्याच्या सहिष्णुतेत आहे आणि ती सोयीनुसार बदलता येत नाही.

आता आत्मपरीक्षणाचा मुद्दा. 1872 मध्ये गोधुला तो डोंगर चढत होता, तेव्हा हिंदू समाजातील कोण तेथे गेले होते? पायथ्याशी आहोमांचे राज्य शतकानुशतके नांदले, व्यापार झाला, लढाया झाल्या. पण नागांची भाषा शिकून, त्यांच्या घरी राहून, त्यांच्या मुलांना अक्षर देणारा कोणी नव्हता. ही उणीव फार उशिरा भरून काढायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातून गेलेल्या भैयाजी काणे यांनी मणिपूरच्या उखरुल भागात मुलांना शिकवले आणि त्यांतील अनेकांना शिक्षणासाठी महाराष्ट्रातील घरांत आणले. उखरुल हा तांगखुल नागांचा प्रदेश. तेथे विल्यम पेटिग्रू 1896 मध्येच पोहोचला होता. त्याच्यानंतर पाऊण शतकाने एक मराठी शिक्षक तेथे गेला, हा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडावा.

आजही पुण्या-मुंबईत शिकायला येणाऱ्या नागा मुलाला ‘तू कोणत्या देशाचा?’ असे विचारले जाते. भाड्याने खोली देताना त्याच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. शनिवारपर्यंत तो या महानगरात परका असतो; रविवारी आपल्या भाषेत गाणारी मंडळी त्याला आपला म्हणते. मग त्याच्या मनात भारताचे चित्र कोणी रेखाटले, याचे उत्तर शोधायला कोहिमाला जाण्याची गरज नाही.

स्थानिक मंडळीची ही ताकद प्रचाराने कमी होणार नाही. तिच्यातून शिकावे असे पुष्कळ आहे. आठवड्यातून एकदा एकत्र येणे, निधीचा उघड हिशेब, प्रत्येकाला काम आणि संकटात दारात उभे राहणे या गोष्टींवर कोणत्याही पंथाचा मालकी हक्क नाही. गावचे मंदिर उत्सवाच्या दिवसापुरते न गजबजता वर्षभर गावाच्या सुखदुःखाचे केंद्र बनले आणि परगावाहून आलेल्या ईशान्येच्या मुलाला सणासुदीला एका मराठी घरात पान वाढले गेले, तर राष्ट्रीय एकात्मतेच्या अनेक परिषदांना जमले नाही ते साधेल. नागा बाप्टिस्टांनी आपल्या मूळ वारशाला जागावे, ही अपेक्षा रास्तच आहे. ती करण्याचा अधिकार मात्र आपल्या वारशाला जागणाऱ्यांनाच असतो.