योग आणि क्षेम : टिकाऊ ओव्हनची निवड

गृहस्थाच्या संसारांत योग आणि क्षेम हे दोन शब्द नेहमीं जोडीनें येतात. जें नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें तें राखणें हा क्षेम. बाजार आपणांस योगाचीं सर्व साधनें हौसेनें पुरवितो; क्षेमाची चिंता मात्र ज्याची त्यानें करावी, असा सध्यांचा व्यवहार आहे. म्हणून नवी वस्तु कोणती घ्यावी यापेक्षां घेतलेली वस्तु किती वर्षें टिकेल, या प्रश्नाकडेच या सदरांत आम्ही वाचकांचें लक्ष वारंवार वेधीत असतों.

या खेपेस निमित्तही तसेंच मिळालें आहे. सेलू येथील एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. घरांत लहानथोर अकरा माणसें. कोणी सकाळच्या गाडीनें परभणीस नोकरीवर जातो, कोणी दुपारीं शाळेंतून परततो, सासूबाईंना मऊ भात ऊनऊनच लागतो. सहा वर्षांपूर्वीं घेतलेला मायक्रोवेव्ह ओव्हन दिवाळीनंतर बंद पडला. आंतील नियंत्रणाचा सर्किट बोर्ड बदलावा लागेल, पण तो आतां मिळत नाहीं, असें सांगून कारागिरानें हात झाडले. मामंजी म्हणतात, हें खूळ पुन्हां घरांत नको. यजमान म्हणतात, आतां सर्वांत मोठा व सर्वगुणसंपन्न घेऊं. "मला मात्र," असें त्या लिहितात, "दहा वर्षें मुकाट्यानें काम करील असा हवा. हा बंद पडल्यापासून रात्रीं साडेदहापर्यंत मी गॅसपाशीं उभी असतें."

या शेवटच्या वाक्यांत सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे. एकत्र कुटुंबांत जेवणारांच्या वेळा जितक्या निराळ्या, तितक्या वेळां कोणाला तरी चुलीपाशीं उभें राहावें लागतें. आणि तें 'कोणी तरी' बहुधा घरची सूनच असते. ओव्हन ही चैन कीं गरज, हा वाद माजघरांत बसून घालण्यापूर्वीं तो नसतां कोणाचे पाय दुखतात, हें पुरुषमंडळींनीं एकदां स्वयंपाकघरांत जाऊन पाहावें.

मामंजींच्या शंकेचा विचार मात्र आदरानें केला पाहिजे, कारण ती अनेक वडीलधाऱ्यांच्या मनांत असते. या यंत्राचें हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. १९४० सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट या दोघां शास्त्रज्ञांनीं रडारसाठीं त्याचा नवा व अतिशय प्रबळ प्रकार सिद्ध केला. पुढें १९४५ मध्यें अमेरिकेंतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांना त्याच्या लहरींनीं अन्न तापतें असें आढळलें. १९४७ च्या सुमारास पहिले ओव्हन विक्रीस आले, ते पुरुषभर उंचीचे होते. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन १९६७ सालीं विक्रीस आला. या लहरी आकाशवाणीच्या लहरींच्या व प्रकाशाच्याच कुळांतल्या. त्यांची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर असते. अन्नांतील पाण्याच्या कणांना त्या हालवितात व त्या चळवळीची उष्णता होते. वीज बंद होतांच लहरीही त्याच क्षणीं नाहींशा होतात. अन्नांत त्यांचें कांहीं शिल्लक राहत नाहीं. दाराच्या कांचेंतील बारीक जाळीचीं छिद्रें लहरींच्या मानानें इतकीं लहान असतात कीं, त्यांतून त्या बाहेर पडूं शकत नाहींत. भय बाळगावयाचें तें एकच: दार वांकलेलें, बिजागरी सैल झालेली किंवा कडा फुटलेली असेल, तर तो ओव्हन एक दिवसही वापरूं नये.

आतां जुना टाकण्यापूर्वीं सूचीकटाहन्याय स्मरावा. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें एकाच वेळीं आलीं, तर तो सुई आधीं करून देतो. त्याप्रमाणें लहान कारणें आधीं तपासावीं. त्याच सॉकेटवर इस्त्री लावून वीज येते कीं नाहीं तें पाहावें. दार लावतांना नेहमींचा 'खट्' असा आवाज होतो काय, हें ऐकावें. दारामागील बारीक स्विच बिघडला तरी सर्व यंत्र मेल्यासारखें दिसतें. आंत ठिणग्या उडत असतील, तर बाजूच्या भिंतीवरील अभ्रकाचा तुकडा तेलकटानें जळला आहे काय, हें पाहावें. तो अल्प किंमतींत बदलतां येतो. परंतु वरचें लोखंडी आवरण घरच्या कोणीही काढूं नये, हें आम्ही हात जोडून सांगतों. आंत दोन हजार व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो, आणि प्लग काढून ठेवल्यावरही तेथील कपॅसिटर तो भार धरून राहूं शकतो. त्याच्या एका स्पर्शानें प्राण जाऊं शकतो. हुशार पुतण्यानें चित्रफीत पाहून पेंचकस हातीं घेणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक असेल, भाग मिळत नसेल किंवा आंतला पत्रा गंजून फुटला असेल, तर मात्र जुन्याचा मोह सोडावा.

नवा घेतांना पहिलें तत्त्व असें कीं, जितके अवयव कमी तितके रोग कमी. बाजारांत तीन जाती आहेत. सोलो हा केवळ तापवितो व शिजवितो. ग्रिल यांत भाजण्यासाठीं तापणारी कांब अधिक असते. कन्व्हेक्शन यांत केक, नानकटाई वगैरे भट्टीचीं कामें होतात, पण त्यासाठीं आणखी हीटर, आणखी पंखा व आणखी गुंतागुंतीचें नियंत्रण येतें. ज्या घरांत महिन्यांतून एकदां केक होतो आणि दिवसांतून वीस वेळां वरण तापतें, त्या घरानें वरणाचा विचार करून यंत्र घ्यावें. यजमानांचें 'सर्वगुणसंपन्न' हें विशेषण वरसंशोधनास ठीक. यंत्राच्या बाबतींत तें बहुधा बिघाडाचें आमंत्रण ठरतें. तसेंच, स्पर्शानें चालणाऱ्या गुळगुळीत पट्टीपेक्षां हातानें फिरवावयाचीं दोन बटणें असलेला ओव्हन अधिक सोसतो. ओल्या, पिठाच्या हातांनाही तो दाद देतो, आणि चष्मा न लावतां आजींनाही चालवितां येतो.

दुकानांत परीक्षा कशी करावी? येथें स्थालीपुलाकन्याय उपयोगी पडतो. एक शीत दाबून पाहिलें कीं सगळ्या भाताचें कळतें. तसें दारावरून पुष्कळ कळतें. दार दहा वेळां उघडावें व लावावें. तें डुगडुगत असेल, खालीं लोंबत असेल किंवा अडकण्याचा आंकडा नाजूक असेल, तर पुढें पाहण्याचें कारण नाहीं. मग आंतील पोकळी पाहावी. साधा रंग दिलेल्या पत्र्याचा टवका उडाला कीं तेथें गंज व ठिणग्या सुरू होतात; म्हणून स्टेनलेस स्टीलची किंवा चांगल्या इनॅमलची पोकळी पसंत करावी. आकाराविषयीं लिटरांच्या आंकड्यावर विसंबूं नये. घरांतील सर्वांत मोठें कांचेचें पातेलें बरोबर न्यावें आणि तें फिरत्या तबकडीवर भिंतीस न लागतां फिरतें काय, हें तेथेंच पाहावें. अकरा माणसांच्या घरास २० लिटरांचा बहुधा अपुरा पडेल; २५ ते ३० लिटरांच्या दरम्यानचा पुरेसा व्हावा.

आतां थोडें अंकगणित. घरगुती मॅग्नेट्रॉनचें आयुष्य सामान्यतः २००० तासांच्या आसपास मानतात. रोज अर्धा तास चालविल्यास तो जवळजवळ अकरा वर्षें पुरेल. रोज दीड तास चालविल्यास पावणेचार वर्षांच्या आंतच थकेल. चौघांच्या घरीं जें यंत्र दहा वर्षें टिकतें तें एकत्र कुटुंबांत लवकर कां मरतें, याचें उत्तर या त्रैराशिकांत आहे. यासाठीं शिजविण्याचें काम गॅसवर व कुकरमध्यें ठेवावें, आणि ओव्हनकडे केवळ तापविण्याचें काम द्यावें. कांहीं कंपन्या सर्व यंत्रास एक वर्षाची व मॅग्नेट्रॉनला त्याहून अधिक वर्षांची हमी देतात. ती मोठ्या अक्षरांतील हमी वाचून हुरळूं नये. सर्किट बोर्ड, दाराचे स्विच व बटणांची पट्टी यांस किती महिन्यांची हमी आहे, हें बारीक अक्षरांत शोधावें.

आपल्या जिल्ह्यापुरत्या दोन गोष्टी मुद्दाम सांगावयाच्या. पहिली कारागिराची. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथें कंपनीचें केंद्र आहे, एवढ्यावर संतुष्ट होऊं नये. जिंतूर, पालम, सोनपेठ येथील घरीं कारागीर येईल काय, किती दिवसांत व जाण्यायेण्याचा आकार किती, हें आपला पिनकोड सांगून विक्रीपूर्वीं लिहून घ्यावें. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं 'राइट टू रिपेअर' नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें. त्यावर आपली कंपनी दुरुस्तीविषयीं व सुट्या भागांविषयीं काय सांगते, तें पाहावें. हमीच्या मुदतींत टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र पावती नसेल तर कोणताही कायदा पांगळा. ती हमीपत्रासह पंचांगाच्या जागीं जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट विजेची. रब्बीच्या दिवसांत शेतीचे पंप चालूं लागले कीं खेड्यापाड्यांतून दाब उतरतो, आणि अवकाळी पावसांत तो अकस्मात् चढतो. ८०० वॅट उष्णता देणारा ओव्हन तारेंतून सुमारें १२०० वॅट ओढतो. कन्व्हेक्शनचा त्याहूनही अधिक. म्हणून १६ अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट व खरें अर्थिंग हवें, आणि दाब अस्थिर असेल तेथें पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा. दिवे-पंख्यांसाठीं घेतलेल्या घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन कधींही लावूं नये. पाठीमागें व बाजूंना वारा खेळेल इतकी जागा सोडावी. आपल्याकडे त्यावर विणलेला रुमाल घालून वर डबे रचण्याची चाल आहे. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यांत हें त्या यंत्राचा श्वास कोंडण्यासारखें आहे. रात्रीं खरकटें पुसलें नाहीं तर झुरळें उबेच्या आशेनें आंत शिरतात व सर्किट बोर्डच नासवितात.

वापरतांना रिकामा ओव्हन चालवूं नये. शोषून घेण्यास अन्नच नसल्यानें लहरी उलट मॅग्नेट्रॉनवर येतात. स्टील, पितळ, तांबें आणि सोनेरी कडेच्या बशा दूर ठेवाव्या. वर्षांतून एकदां यंत्राची नाडी पाहावी. कांचेच्या भांड्यांत एक लिटर साधें पाणी घेऊन त्याचें तापमान मोजावें, पूर्ण शक्तीवर एक मिनिट तापवावें, ढवळून पुन्हां मोजावें. जितके अंश वाढले त्यांस ७० नें गुणावें, म्हणजे खरी शक्ति वॅटांत कळते. अकरा अंश वाढले तर ती ७७० वॅट झाली. तापाचा थर्मामीटर यास चालणार नाहीं, स्वयंपाकाचा हवा. हा आंकडा घरखर्चाच्या वहींत लिहून ठेवावा. दाब ठीक असतांही तो वर्षानुवर्षें घसरूं लागला, तर मॅग्नेट्रॉन थकला असें समजावें.

उरला जुना ओव्हन. तो भंगारवाल्यापुढें फोडण्यास टाकूं नये; १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचरा नियमांनीं अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हां नवा देणाऱ्या दुकानदारासच तो परत नेण्याविषयीं विचारावें.

एवढें सर्व पाहून आणलेला ओव्हनही कधीं तरी बंद पडेलच. त्या दिवसासाठीं एक नियम घरोघर आतांच ठरवून ठेवावा: दुरुस्ती होईपर्यंत उशिरां जेवणारानें आपलें ताट आपण तापवून घ्यावें. गॅसची शेगडी पेटविण्यास कोणत्याही कारागिराची वाट पाहावी लागत नाहीं.