मालधक्क्यांविना उरलेले नकाशे

रेल्वेच्या जुन्या नकाशांवरून एखाद्या प्रदेशाचा औद्योगिक इतिहास मांडताना आपण बहुधा मार्गनकाशापाशी थांबतो. तो दोन स्थानके जोडलेली होती एवढेच सांगतो. कोणता माल कोणाच्या आवारातून निघून कुठे गेला, याविषयी तो मूक असतो.

वऱ्हाडात १८७० च्या सुमारास मुख्य मार्गावरून जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे दोन छोटे फाटे निघाले ते कापसाच्या बाजारपेठांसाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे गेलेल्या नॅरोगेज मार्गांमागेही मुख्यतः कापूसच होता. सुटी रुई वजनाला हलकी पण फुगीर असल्यामुळे वाघिणीची वजनक्षमता वाया जाते. म्हणून सरकी काढून, रुई दाबून गाठी बांधण्याचे काम माल चढवण्याआधीच उरकणे किफायतशीर ठरले आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्थानकांभोवती दाटले.

मात्र कारखाना रुळाजवळ असणे म्हणजे तो रुळावर अवलंबून असणे नव्हे. हा फरक साइडिंगवरून, म्हणजे मुख्य रुळापासून मालासाठी बाजूला काढलेल्या फाट्यावरून, कळतो. सर्वेक्षण खात्याच्या एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या नकाशांवर एखादी साइडिंग दिसतेही, पण ती कोणाची, तिच्यावरून काय चढत-उतरत होते, हे यार्डाचे आराखडे, साइडिंगचे करारनामे आणि मालधक्क्यावरच्या आवक-जावक नोंदवह्या यांतूनच उलगडते. दुर्दैवाने पुराव्याचा हाच थर सर्वांत आधी नाहीसा होतो. मार्गनकाशे छापले गेले, ग्रंथालयांत पोचले. करारनाम्याच्या मोजक्या प्रती कचेरीत राहतात आणि करार संपल्यावर जतनाची मुदत सरली की त्या निकाली काढल्या जातात. दुसरीकडे, रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी पूर्ण रेकवर, म्हणजे अख्ख्या मालगाडीवर, भर दिल्यापासून लहान स्थानकांचे मालधक्के ओस पडले, आणि जिथे मार्गाचे गेज-रुंदीकरण होते तिथे यार्डाची मूळ आखणीही पुसली जाते. कागद आणि जमीन यांची एकमेकांवरून पडताळणी होऊ शकत होती. दोन्ही एकाच काळात गेल्यास ती शक्यताच संपते.

याचे परिणाम इतिहासापुरते राहणार नाहीत. बंद पडलेल्या मार्गाच्या रुंदीकरणाचा विचार होतो तेव्हा हाताशी अखेरच्या वर्षांचे आकडे असतात, आणि मालवाहतुकीची सेवाच काढून घेतल्यानंतरचे शून्य हे मागणीचे शून्य म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. उलट बाजूने, रूळ परत टाकले की कापसाचा व्यापार परतेल असे मानणारे, गाठी ट्रकवर का गेल्या हा प्रश्न टाळतात. जुन्या नोंदींवाचून दोन्ही अनुमाने तपासता येत नाहीत.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर धोका अधिक मूर्त आहे. १९१५ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेने तिथल्या गोद्या, गोदामे आणि वखारी जोडल्या. आता त्या पट्ट्याच्या पुनर्विकासाच्या योजना आखल्या जात आहेत. कोळसा किंवा तेल वर्षानुवर्षे जिथे उतरले असेल, तिथली माती दूषित असण्याची शक्यता शेजारच्या धान्याच्या गोदामापेक्षा जास्त. नमुने कुठून घ्यायचे हे साइडिंगच्या नकाशावरून नेमके ठरवता येते. तो नसेल तर ठरावीक अंतरावर विंधने घ्यावी लागतील, आणि दोन विंधनांच्या मधे राहून गेलेला दूषित पट्टा पायाचे खोदकाम सुरू झाल्यावरच उघडा पडेल.