गुणांचें गाणें

दूरदर्शनसंचावर किंवा मोबाइलवर शब्द पाहून गावयाचें आणि शेवटीं यंत्राकडून गुण घ्यावयाचे, हा खेळ आतां मध्यमवर्गीय घरांत पुष्कळच पसरला आहे. आणि त्याविषयीं सुशिक्षितांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, हें परकीय खूळ आहे, तें घराबाहेर घालवावें. दुसरा म्हणतो, मुकीं झालेलीं घरें या खेळानें पुन्हा गाऊं लागलीं, मग नाक मुरडण्याचें कारण काय? आम्हांस पहिला पक्ष पोकळ वाटतो आणि दुसरा अर्धवट. आणि अर्धवट मतास अनुयायी अधिक मिळत असल्यामुळें आम्ही मुख्यतः दुसऱ्याचाच समाचार घेणार आहों.

परकीयपणाच्या आक्षेपाची वासलात लावण्यास पेटीचें उदाहरण पुरें आहे. पेटी युरोपांतून आली. तिच्या ठरीव सुरांत आपल्या श्रुति बसत नाहींत म्हणून आकाशवाणीनें १९४० सालीं तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ सालापासून सैल होऊं लागली. मधल्या तीस वर्षांत कोणा भजनी मंडळानें पेटी माळ्यावर टाकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आमचें वाटूर हें जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्याचें गांव. तेथील भजनांत आमच्या लहानपणीं पेटी होतीच. पेटीवाल्यास शास्त्र बेताचेंच येई, पण कान होता. म्हणणाऱ्याचा आवाज चढेना तर तो पट्टी बदली. चरण आठवेना तर आठवेपर्यंत तोच सूर धरून बसे. पेटींत दोष होता, परंतु ती गाणाऱ्याच्या मागून चालत होती, आणि म्हणूनच ती आपली झाली.

कराओकेचा जन्मही अशाच साथींतून झाला, हें त्याचे आजचे कैवारी विसरतात. जपानांत कोबे शहरीं दाइसुके इनोउए हे वादक मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्यास साथ करीत. त्यांनींच सांगितलेली हकीकत अशी कीं, एका धनिक गिऱ्हाइकाचें गाणें इतकें ओबडधोबड असे कीं इनोउए यांच्यावांचून तें कोणास सांभाळतां येईना. त्यास परगांवीं जावयाचें होतें, इनोउए यांस सवड नव्हती. तेव्हां त्याच्या गळ्यास बेतून त्यांनीं साथ फितीवर भरून दिली. पुढें १९७१ सालीं त्यांनीं आपलें यंत्र तयार केलें, आणि त्याचें एकस्व घेण्याच्या भानगडींत ते पडले नाहींत. ‘कराओके’ म्हणजे रिकामा वाद्यवृंद. वादकांमध्यें ठेवलेली ती रिकामी जागा गाणाऱ्याची, मग तो कसाही गावो.

त्या जागेवर व्हिडिओ गेमवाल्यांनीं परीक्षक आणून बसविला. अमेरिकेंत २००३ सालीं ‘कराओके रिव्होल्यूशन’ आणि युरोपांत २००४ सालीं सोनीचा ‘सिंगस्टार’ असे खेळ निघाले. आजचे मोबाइलवरील खेळ त्यांचींच भावंडें होत. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकत असतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक सूर आणि त्याची लांबी. आपला आवाज पट्टीवर बसला तर गुण, घसरला तर नाहीं. गाणारा थांबला तरी पट्ट्या थांबत नाहींत. सिंगस्टारला तर शब्दांशीं कर्तव्यच नव्हतें. नुसतें गुणगुणलें तरी गुण मिळत. सप्तक कोणतें तेंही तो विचारीत नसे. आतां ज्या संगीताचा जीव दोन सुरांच्या मधल्या वाटेंत आहे, मींडेंत आणि हरकतींत आहे, त्याची परीक्षा या मोजपट्टीनें कशी व्हावी?

हा आमचा पुस्तकी तर्क नव्हे. गेल्या दिवाळींत वाटूरास एका आप्तांच्या घरीं पुण्याहून आलेल्या मुलांनीं हा खेळ मांडला होता. चौदा वर्षांच्या एका मुलीनें एक जुनें भावगीत म्हटलें. अंतऱ्याच्या शेवटीं तिनें आपल्या मनानें एक लहानशी जागा घेतली, आणि ती इतकी गोड पडली कीं ओट्यावरचीं माणसें बोलतां बोलतां थांबलीं. यंत्रानें मात्र तेथेंच गुण कापले. दुसऱ्या खेपेस तिनें ती जागा निम्मी केली. तिसऱ्या खेपेस गाळली. गुण चढले, टाळ्या पडल्या, आणि मुलगी खुशींत होती! ‘या खेळानें मुलांचा सूर सुधारतो’ असें म्हणणाऱ्यांनीं नेमकें काय सुधारलें तें आम्हांस सांगावें.

मग कोणीतरी आजींच्या हातीं ध्वनिग्राहक दिला. नातू यादी चाळून म्हणाला, “आजी, तुझं गाणं ह्यात नाही गं.” आजी हंसल्या आणि त्यांनीं तो ध्वनिग्राहक शेजारणीस दिला. त्यांचें गाणें म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुण्यांतील प्रकल्पानें महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत, यावरून या यादीबाहेरील भांडवलाचा अंदाज करावा. ओवी या खेळानें मारली असें आम्ही म्हणत नाहीं. तें काम पिठाच्या गिरणीनें केव्हांच केलें, आणि दळणाचे कष्ट गेले याचें दुःख करण्याइतके आम्ही निष्ठुर नाहीं. परंतु ओवी म्हणणारी बाई घरांत बसली असतां तिला श्रोत्यांत ढकलण्याचें काम मात्र हा खेळ करतो. बरें, यादीचा तरी भरंवसा किती? सिंगस्टारचें ऑनलाइन गाण्यांचें दुकान २०२० सालच्या जानेवारीअखेर बंद झालें.

यावर दुसऱ्या पक्षाचा एक शेवटचा युक्तिवाद उरतो: स्पर्धेवांचून मुलें गाण्यास बसतच नाहींत. कबूल. पण स्पर्धा आपल्या घरांत होतीच. गाण्याच्या भेंड्यांत अभंग चालतो, श्लोक चालतो, सिनेमाचें पद चालतें, आणि ओवीही चालते. गळा कसाही असो. अक्षर जुळलें म्हणजे झालें. न्यायाधीश समोरच बसलेले असतात व त्यांच्याशीं भांडतां येतें. तेव्हां ज्यांच्या घरीं हें यंत्र आलें आहे त्यांनीं तें परत करूं नये. जेथें सोय असेल तेथें त्यांतील गुण देण्याची कळ बंद करावी, आणि साथ तेवढी ठेवावी. जेथें तशी सोय नाहीं तेथें यंत्रच बंद करून भेंड्या लावाव्या. ‘ळ’ आला म्हणजे मुलांची पंचाईत होते. आजींच्या पक्षावर भेंडी चढल्याचें आम्हीं तरी अजून पाहिलें नाहीं.